रोजचं बसणं

नाशिक शहरात कोणाची मान किती वाकडी आहे, हे त्या माणसाच्या आईपेक्षा, बायकोपेक्षा आणि हाडांच्या डॉक्टरपेक्षा माझ्या आत्याच्या दिरांना जास्त ठाऊक होतं. ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती मी पत्रकात करते, कारण पत्रक माणूस चालता चालता वाचतो आणि दहा पावलांवर फेकून देतो. तेवढ्या वेळात त्याला हलवायचं तर आवाज चढवावाच लागतो. इथे तुम्ही निवांत बसला आहात, मीही बसले आहे, आणि मला बसण्याबद्दलच सांगायचं आहे.

आत्याचं सासर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं. तिचे हे दीर मात्र मळा भावाकडे सोपवून सातपूरच्या एका कारखान्यात फिटर झाले होते. केसाएवढ्या फटी मोजण्यात पंचवीस वर्षं घालवून ते घरी आले आणि राहत्या घराच्या पडवीत त्यांनी दुकान काढलं. पाटीवर लिहिलं होतं : ‘गिटार व गाडीचे आरसे माणसाप्रमाणे लावून मिळतील.’ त्या काळी गाडीवाले आरसा अंगठ्याने ढकलायचे आणि गिटारवाले बोटं सोलून घ्यायचे. यासाठी कोणाकडे जायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. पण शरणपूरच्या चर्चच्या गायकवृंदातली मुलं गिटारी घेऊन यायला लागली आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे वडील गाड्या घेऊन. मी त्यांना काका म्हणायचे. ते म्हणायचे, “वस्तू बनवणारे एक सरासरी माणूस डोळ्यांपुढे ठेवतात. मी पंचवीस वर्षं कारखान्याच्या गेटात उभा राहून बघितलं. तो सरासरी माणूस कधी आत आला नाही.” हे वाक्य मी पुढे माझ्या तीन पत्रकांत वापरलं. त्यांना न विचारता.

त्यांची काम करायची एक रीत होती. आरसा लावून घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी गाडीत बसवायचे. माणूस लगेच ताठ बसायचा. फोटो काढणार आहेत, मुलगी बघायला आलेत, असा. काका हात मागे बांधून खिडकीशी उभे राहायचे. “हे तुमचं लग्नातलं बसणं झालं. मला रोजचं पाहिजे.” मग ते शेजारी बसून सासूबद्दल विचारायचे, साहेबाबद्दल विचारायचे, आणि गाडी त्र्यंबक रस्त्यावर पाच-सात मैल न्यायला लावायचे. बोलता बोलता माणूस विरघळायचा. कंबर पुढे यायची, मान खांद्यांत जायची, एक खांदा दाराला टेकायचा. त्याच क्षणी काका म्हणायचे, “थांबा. हलू नका. हे तुम्ही.” आणि आरसा त्या दमलेल्या, घसरलेल्या, खऱ्या माणसाला लावायचे. गिटारचंही तसंच. पोरगं ताठ बसून तारा छेडत असलं की ते त्याला चहा द्यायचे, परीक्षेचं विचारायचे. पोरगं वाकलं की तारांखालची घोडी किती घासायची, तारा पडद्यांपासून किती उचलायच्या, हे ठरायचं. मी आयुष्यात पाहिलेला हा एकमेव माणूस, ज्याला समोरच्याचा ताठपणा बघून राग यायचा.

हे वेड दुकानापुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. वाचनालयाबाहेर उभ्या सायकलींच्या सीटा ते मालकांना न विचारता खालीवर करायचे. लग्नात जेवणाची पंगत सोडून नवरदेवाच्या खुर्चीखाली पुठ्ठा सरकवायचे. एस.टी. स्टँडवर एकदा त्यांनी एका अनोळखी हवालदाराच्या नाकावरचा चष्मा काढला, दांडी वाकवली आणि परत घातला. हवालदार हात उगारणारच होता, पण समोरच्या गाडीची पाटी त्याला दिसली आणि तो नुसताच म्हणाला, “अरेच्चा, ही तर पेठची.” आत्याच्या ओट्यापाशी एका सकाळी पायाखाली फळी आली, कोणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती. आत्या करवादली, “भाऊजी, वीस वर्षं मी तशीच स्वयंपाक करतेय.” ते म्हणाले, “म्हणून तर कंबर गेली वहिनी.” आणि खरंच, ती फळी काही आत्याने पुढे काढली नाही.

आता भिंतीचं सांगते. ते मापं वहीत लिहीत नसत, आकड्यात घेत नसत. फुलमाळ्याच्या घरात हाताशी काय असतं? हार ओवायचा दोरा. डोळ्यापासून आरशापर्यंत एक गाठ, तिथून खांद्यापर्यंत दुसरी, कोपरापर्यंत तिसरी, मनगट, वीत, करंगळी, अशा गाठी मारलेला एक दोरा म्हणजे एक माणूस. तो दोरा पडवीच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या भिंतीवर काही शे दोरे होते. नाव एकावरही नव्हतं. “ओळखता कसे?” मी विचारलं. “माणसं ओळखतेस तू, तशी.” पंखा सुरू झाला की ती सगळी भिंत हलायची. कोणी लांब, कोणी आखूड, कोणाच्या गाठी दाट, कोणाच्या विरळ. भर दुपारी बाराला, बाहेर गुलाबाच्या वाफ्यांत ऊन रटरटत असताना, ती भिंत सावकाश श्वास घेतल्यासारखी पुढे यायची, मागे जायची. मी भूतबीत मानत नाही. मी फक्त खुर्ची थोडी दाराकडे ओढून घेतली.

आणि मेलेल्या माणसाचा दोरा ते काढत नसत. कॉलेज रोडच्या एक बाई यजमान वारल्यावर त्यांची गाडी शिकत होत्या. आरसा लावून घ्यायला आल्या. मी तिथेच होते. काकांनी आतल्या आरशाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. “आधी त्यांचं उतरवून घेतो.” मग ते स्वतः त्या सीटवर बसले आणि बसल्या बसल्या इंच इंच सरकू लागले. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, आरशात मागचा रस्ता पुरा येईपर्यंत. जिथे तो आला तिथे ते थांबले. आणि मी बघत होते, त्या सीटवर आमचे काका राहिले नव्हते. वेगळ्याच कोणाचं तरी पोक, वेगळाच खांदा. ते खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब डावीकडे कलून बसायचे. डावीकडे कोण असायचं?” बाईंनी पदर तोंडाला लावला. “मी.” बास, एवढंच. मी घरी जाताना रस्त्याच्या कडेकडेने गेले, कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

त्यांच्याकडे मी कामासाठी गेले होते, हे सांगायचं राहिलंच. मी मूळची नामपूरची; पंचाण्णव साली शिकायला नाशिकला आले आणि शिकण्यापेक्षा भांडायला जास्त लागले. आम्ही चारजण आणि एक सायक्लोस्टाइल यंत्र एवढीच आमची संघटना होती. सुरगाण्याकडच्या जीपगाड्यांना आरसेच नसायचे; असले तर आत दुमडलेले, कारण बाहेर लोंबकळणाऱ्या माणसांना ते लागत. अशीच एक जीप मागे घेताना एक म्हातारी चाकाखाली आली आणि चौकशीत ‘चालकास दिसले नाही’ एवढं लिहून कागद मिटला. दिसलं नाही! दिसण्याची सोयच ठेवली नाही, आणि न दिसणं हा बचाव! माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं, ‘आरसा नाही, मग डोळे कशाला?’ आणि काकांना जबरदस्तीने सुरगाण्याला नेलं. त्यांनी एका दिवसात अकरा जीपना आरसे लावले. एक ड्रायव्हर म्हणाला, “काका, आरसा लावला का मागचे लोंबलेले दिसत्यात. नाय दिसले तेच बरं. दिसले का जीव भितो.” काका म्हणाले, “भिऊ दे. तेवढ्यासाठीच लावतोय.”

बाराव्या जीपशी ते अडले. तिचा आतला आरसा जुनाच होता. आरसा लावावा आणि बोट काढावं, की तो हळूच खाली कलून एका जागी थांबायचा. तीनदा असं झालं. काकांनी ड्रायव्हरकडे बघितलं. “ही गाडी तुझी नाही. तुझ्यापेक्षा बुटका होता. एका हाताने चालवायचा. यात अजून तोच बसलाय.” पोराने स्टिअरिंगवरचे हात काढले. “मेव्हण्याची हाय. मागल्या साली गेला तो.” आजूबाजूची सगळी माणसं दोन पावलं मागे सरली. मला संताप आला. परतीच्या वाटेवर मी काकांना चांगलं सुनावलं, की आम्ही तिथे लोकांना शहाणं करायला गेलो होतो, भिववायला नाही. ते शांतपणे म्हणाले, “आरशाच्या मागे गोळीचा सांधा असतो. पाच वर्षं एकाच जागी राहिला की तिथे खळगा पडतो. हलवला तरी तिथेच येतो. यात कसलं भूत?” थोड्या वेळाने म्हणाले, “पण खळगा पाडणारा तर तोच ना.”

हे सगळं दुसऱ्यांच्या आरशांचं. स्वतःच्या फियाटमधला आतला आरसा त्यांनी असा लावला होता की त्यात मागचा रस्ता दिसतच नसे. दिसायची ती फक्त मागची सीट, तीही डावा कोपरा. त्या कोपऱ्यात ते कोणाला बसू देत नसत. मी एकदा अजाणता बसले, तर आरशात त्यांचे डोळे माझ्यावर आले आणि ते म्हणाले, “सरकून बस ग.” रागाने नाही, सिनेमात कोणाच्या राखीव जागेवर बसलो की सांगतात तसं. पडवीतही तशीच एक खुर्ची होती, सागाची, बुटकी. तिच्यावर कोणी बसायचं नाही. तिच्यावर एक गिटार बसवलेली असायची. मी बारकाईने पाहिलं तर तिच्या तारा उलट क्रमाने लावलेल्या. “काका, ही उलटी आहे.” “सुलटी आहे.” तेवढ्यात मळ्यात विहिरीवरचा पंप सुरू झाला आणि ती गिटार, कोणी हात न लावता, बारीक गुणगुणायला लागली. याचं कारण मला माहीत आहे. मी विज्ञान शिकले आहे. पंपाच्या घुमण्याशी तारेचा सूर जुळला की तार थरथरते. पंप बंद झाला. तार आणखी दोन श्वास गुणगुणत राहिली. त्याचंही कारण असतं. तेव्हा मला ते आठवलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिथे झेंडूच्या ढिगाऱ्याशी बसले होते. काकांनी भिंतीवरून एक दोरा उतरवला, त्याच्या दोन गाठी नखाने सोडवल्या, थोड्या पुढे सरकवून पुन्हा मारल्या आणि दोरा परत टांगला. त्याच खिळ्याला एक वीतभर मळका तुकडाही होता, एका टोकाला चावून तोडल्यासारखा. मी घरात जाऊन आत्याला विचारलं. आत्या ओवता ओवता थांबली. “सुषमाचा आहे तो. भाऊजींची पोर. दरसाल वाढवतात. पोर गेली तिला आठ वर्षं झाली. जिवंत आहे का मेली, देव जाणे. मेलेल्याचा दोरा वाढवू नये म्हणून मी कितीदा सांगितलं.”

मग तिने सगळं सांगितलं. त्या घरात एक नियम होता : देवाला जाणारं फूल डाव्या हाताने ओवायचं नाही. आणि सुषमा डावखुरी. आई लहानपणीच गेलेली. वळण लावायचं ते बापाने. लिहिताना, जेवताना, ओवताना ते तिचा डावा हात हार ओवायच्या दोऱ्याने खाटेच्या पायाला बांधून ठेवायचे. पोर हुशार, शरणपूरच्या मैत्रिणीकडे गिटार शिकली; उलटी धरून वाजवायची. बापाने तिला नवी गिटार आणून दिली, पण ‘सुलटी धरशील तरच’ म्हणून. सोळाव्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरात हारांची घाई असताना ती डाव्या हाताने ओवताना सापडली. बापाने पुन्हा हात बांधला. सोळा वर्षांच्या मुलीचा. ओवणाऱ्या बायांसमोर. तिने कोणाकडे न बघता दोरा दाताने तोडला, उठली आणि गेली. नाशिक रोड स्टेशनवर कोणीतरी तिला गाडीत चढताना पाहिलं. बस.

मी तशीच पडवीत गेले. मला तेव्हा थांबणं, विचार करणं असलं काही येत नसे. अजूनही फारसं येत नाही. “जगातल्या सगळ्या वस्तू माणसाच्या मापाने लावता, आणि स्वतःच्या मुलीला बांधलंत?”

“हो.”

“आणि आता तारा उलट्या लावून काय उपयोग?”

“सुलट्या,” ते म्हणाले. दोरा गुंडाळत होते. “आली की कशातच अवघडायला नको. खुर्ची, गिटार, गाडी. एकदा अवघडून गेली आहे. पुन्हा तेच झालं तर पुन्हा जाईल.”

“ती नसलीच तर?”

त्यांनी पंखा लावला. सगळी भिंत हलली. “गेलेल्यांचे दोरे हलतात. जिवंतांचेही हलतात. तिचा बघ.” मी पाहिलं. शेकडो दोऱ्यांच्या मधोमध तो एकच दोरा सरळ, ताठ, निश्चल लोंबत होता, खालून कोणी धरून ठेवल्यासारखा. दरसाल सोडून-बांधून त्याच्या गाठी जाड झाल्या होत्या, वजन जास्त असणार. मी पंखा बंद केला आणि घरी गेले.

दोन वर्षांनी आम्ही मनमाडला गेलो. रेल्वेच्या वसाहतीत एक बालवाडी होती, तिच्या भिंतीवर आमचा कापडी फलक बांधायचा होता. तिथल्या बाई मदतीला आल्या, पोरांना गाणी शिकवणाऱ्या, नवरा रेल्वेत. सुतळी बांधून झाली. शेजारी कात्री पडलेली असताना बाईंनी सुतळी तोंडाजवळ नेली आणि दाताने तोडली. डाव्या हाताने. मी शिडीवरूनच विचारलं, “तुमचं माहेर मखमलाबादचं का?”

बाईंच्या हातातला सुतळीचा गुंडा खाली पडला आणि घरंगळत गेला. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, “आहेत का?”

“आहेत. तुमचा दोरा वाढवत बसलेत.”

“अजून सुटला नाही का त्यांच्या हातातला?” त्या हसल्या, पण ते हसू मला बघवलं नाही. मी सगळं सांगितलं : भिंत, खुर्ची, तारा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी येणार नाही.”

“येऊ नका,” मी म्हटलं. “माप द्या.”

त्या ताठ बसल्या. मला काकांचं वाक्य म्हणावं लागलं, “ताई, हे लग्नातलं बसणं झालं.” मग पोरं आली, एकीचं नाक पुसून झालं, एकाची चड्डी बांधून झाली, आणि ताई दमून भिंतीला टेकल्या. मी सुतळीवर गाठी मारल्या.

नाशिकला आल्यावर ती सुतळी मी काकांपुढे टाकली. त्यांनी भिंतीवरचा दोरा काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. मनगटाची गाठ मनगटाशी. वीत वितीशी. करंगळी करंगळीशी. दहा वर्षं न पाहिलेल्या मुलीचा हात त्यांनी भिंतीवर वाढवला होता, आणि तो बरोब्बर तेवढाच वाढला होता. मी स्वतःला सांगत होते, की बापाच्या हातावरून अंदाज येतो, घराणं एक आहे, प्रमाण एक आहे. मी हे मोठ्याने सांगत होते असं नंतर लक्षात आलं.

शेवटची गाठ जमेना. डाव्या खांद्याची. सुतळीवर ती दोन बोटं खाली होती.

“तू चुकलीस,” काका म्हणाले.

“नाही चुकले. मी रोजचं घेतलंय.”

त्यांनी तीनदा लावून पाहिलं. मग त्या सागाच्या बुटक्या खुर्चीवरची गिटार उचलून बाजूला ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसले. पहिल्यांदाच. “खाटेचा पाय बुटका होता,” ते म्हणाले. “हात खाली ओढला जायचा.” त्यांनी सुतळीवरची ती खालची गाठ अंगठ्याने चाचपली. “सगळ्या गावाला मी सांगतो, रोजचं बसा. आणि तिला दहा वर्षं इथे लग्नातलं बसवून ठेवलं.”

त्या दुपारी त्यांनी गिटार पुन्हा लावली. पट्टा दोन बोटं सोडला, घोडी घासली, मान पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फियाटमधून निघालो. मी पुढे, त्यांच्या शेजारी. मागे डाव्या कोपऱ्यात गिटार. चांदवडचा चढ लागला, मागून एक ट्रक कर्कश हॉर्न देत आला, आणि काकांचे डोळे आरशात, आरशात गिटार. मी ओरडले, गाडी कडेला गेली, ट्रक घासून पुढे गेला. माझा तोल सुटला. “सुरगाण्याच्या पोरांना शिकवता आणि स्वतः काय करता? मरायचंय का?”

“मागून येणारा हॉर्न देतो,” ते म्हणाले. “ती देत नाही.”

मी मागे वळून पाहिलं. गाडी हिसक्याने थांबली होती, म्हणून गिटार सरकली होती. सरकून ती कोपऱ्यात अशी टेकली होती की एक बाजू जराशी खाली. डावी. मी पुढे बघत बसले, थेट मनमाड येईपर्यंत.

सुषमाताई बालवाडीच्या पायरीवर उभ्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. काकांनी गिटार पुढे केली आणि जमिनीकडे बघत राहिले. ताईंनी पायरीवर बसून पट्टा खांद्यावर घेतला, तारांवर डावा हात फिरवला. एकच ओळ वाजवली असेल. मग हात थांबला. “बसली,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आप्पा, तिकडे तोंड करा.”

ते वळले. ताईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. जसं ते सगळ्या नाशिककडे पाहायचे तसं. “तुमचाही खाली आहे. डावा.”

काका वळले नाहीत. “आमच्या आबांनी सुतळीने बांधला होता,” ते भिंतीला म्हणाले.

एवढ्या वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. गाठी मारताना त्यांचा डावा हात पुढे यायचा आणि मग दचकून मागे जायचा, हे मी शंभरदा पाहिलं होतं आणि वयाच्या खात्यावर टाकलं होतं. मी, दुसऱ्यांना ‘डोळे कशाला?’ म्हणून विचारणारी.

ताई उठल्या. “मला स्टेशनपर्यंत सोडा. ह्यांचा डबा द्यायचाय.” आणि मागचं दार उघडून डाव्या कोपऱ्यात बसल्या, गिटार मांडीवर घेऊन. काका गाडीत बसले. आरशात त्यांचे डोळे वर आले आणि तिथे ती होती. गाडी सुरू होईना. किल्लीवर हात होता, पण तो फिरतच नव्हता. तेव्हा ताई पुढे वाकल्या, दोन सीटच्या मधून डावा हात पुढे घातला आणि तो आरसा फिरवला. जरासा वर, जरासा उजवीकडे. मागचा सगळा रस्ता त्यात आला. बैलगाडी, सायकलवाला, धूळ.

“रस्ता बघा, आप्पा.”

स्टेशन अर्ध्या मैलावर होतं. त्यांनी तो अर्धा मैल इतका जपून चालवला, की सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला.

ताई पुढे नाशिकला राहायला आल्या नाहीत. काही दसऱ्यांना आल्या. डाव्या हाताने हार ओवले, त्याच रात्रीच्या गाडीने गेल्या. ते हार देवाने घेतले, काही झालं नाही. काका दोन हजार चारला गेले. भिंतीवरचे दोरे आत्याने उतरवले नाहीत. एकच दोरा ताईंनी स्वतः काढला, त्या चावलेल्या तुकड्यासकट, आणि पर्समध्ये ठेवला. भिंतीवर काकांचा दोरा कुठेच नव्हता. त्यांचं माप कोणी घेतलंच नव्हतं.

फियाट आता माझ्याकडे आहे. तिच्यातून मी अजून जीपवाल्यांशी भांडायला जाते. आरसा मी माझ्या मापाचा लावला आहे, रोजच्या बसण्याचा. पण खड्ड्यातून गाडी गेली की तो हळूच खाली येतो, डावीकडे कलतो आणि मागच्या सीटचा कोपरा दाखवत थांबतो. गोळीच्या सांध्यात खळगा पडलाय. सांधा बदलायला हवा, हे मला कळतं. मी बदललेला नाही. मी तो हाताने वर करते आणि मोठ्याने म्हणते, “काका, रस्ता बघू द्या.” आणि मग, पत्रकं लिहिणाऱ्या बाईला न शोभेलसं, एकदा मागे वळून त्या कोपऱ्याकडे पाहून घेते.